जुजुबचा डबा

"आंटी, पाहिजे तर आल्तारवर हात ठेवून सांगतो," असं म्हणत प्रेस्टन खुर्ची मागे सारून खरोखरच कोपऱ्यातल्या येशूच्या मूर्तीकडे जायला उठला.

"बस गप," नोरा म्हणाली. "जेवणावरून उठून शपथा घ्यायला तू काय कोर्टात आलायस? मी काय तुला आज ओळखते?"

प्रेस्टन बसला, पण त्यानं भाताला हात लावला नाही. समोर नोराचा नवरा हेरॉल्ड खाली मान घालून जेवत होता. प्रेस्टन त्याच्या वसईतल्या नंदाखाल गावच्या दोस्ताचा मुलगा. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये त्याला हातात धरलं होतं ते हेरॉल्डनंच, आणि दोस्त गेल्यावर या पोराला कॅनडात आणायची खटपट केली तीही त्यानंच. आता प्रेस्टन टोरांटोच्या बाजूचा माल डेट्रॉइटला नेणारा ट्रक चालवत होता आणि बायको डिम्पलबरोबर इथंच व्हिटबीत राहत होता.

अमेरिकेत गाडी नेणाऱ्यांची लघवी कंपनी मनाला येईल तेव्हा तपासते. नाताळनंतर प्रेस्टनचा नंबर लागला आणि रिपोर्टात गांजा निघाला. कॅनडात गांजा सरकारमान्य आहे, पण ट्रक अमेरिकेत जातो आणि तिकडचं गणित वेगळं. कंपनीनं त्याच दिवशी किल्ल्या काढून घेतल्या. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नात टोस्टच्या वेळी वाइन नुसती ओठांना लावून खाली ठेवली, त्याच्या लघवीत गांजा निघावा, म्हणजे गुड फ्रायडेला बिशपच्या ताटात मटण निघण्यासारखंच होतं.

"लॅबचं काय चुकलं असेल तर?" नोरानं विचारलं.

"सेकंड टेस्ट पण केली आंटी. सेम." प्रेस्टननं कपाळ चोळलं. "डिम्पल काय बोलत नाय. पण तिला डाउट आहे. मला कळतं ना."

"वेडी आहे ती. मी बोलते तिच्याशी."

"आणि तुमचा नाताळचा डबा पण राहिलाय आमच्याकडे. डिम्पल बोलते, रिकामा कसा देणार, काहीतरी बनवून देते. पण आता घरात कुणाला मूडच नाय."

"डब्याचं काय घेऊन बसलास. जुजुब खाल्लेस की नाय ते सांग."

"सगळे. डिम्पलला शुगर, ती हात लावत नाय. मी ट्रकमध्ये घेऊन जायचो, दोन-दोन करून संपवले." मग तो थोडा संकोचून हसला. "या वेळेला टेस्ट जरा वेगळी होती आंटी. गवतासारखी."

"गवतासारखी?" नोराला लागलंच ते. "माझ्या हातचे नसतील मग. यंदा मला पुरलेच नाहीत ना. खाली कोल्ड रूममध्ये मागे एक निळा डबा सापडला, भरलेला. चर्चमधल्या एलेननं पाठवला असेल आणि मी विसरले असेन. म्हटलं, प्रेस्टनला आवडतात, अख्खा डबा त्यालाच देऊ."

हेरॉल्डचा घास हातातच राहिला.

"एकदा डेट्रॉइटच्या वाटेवर चॅटमजवळ असे डोळे जड झाले ना अंकल," प्रेस्टन सांगत होता, "की गाडी साइडला घेऊन झोपलो. तरी बरं, वेळेवर थांबलो. थकवा बहुतेक."

"थकवाच," नोरा म्हणाली. "हेरॉल्ड, त्याला सुंगटं वाढ. हेरॉल्ड?"

हेरॉल्डनं ती कोळंबी वाढली.

त्या डब्याची कथा अशी. हेरॉल्ड आयुष्यभर कायद्याला भिऊन वागलेला माणूस. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलवर चालायची खूण करणारा पांढरा माणूस दिसल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ शेजाऱ्यांआधी शोव्हल करायचा, तोही शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत मोजून. मोटारीचे सुटे भाग बनवणारा कारखाना बंद पडला तेव्हापासून तो संजय नावाच्या एका सुरतवाल्याच्या कॉन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये काउंटरवर बसत होता. दोन दुकानं सोडून गांजाचं सरकारमान्य दुकान होतं. काचा दुधी, दारात ओळखपत्र तपासणारी मुलगी. तिथून जाताना हेरॉल्ड मान दुसरीकडे वळवायचा.

आणि गेल्या उन्हाळ्यात संजयनं आपल्याच काउंटरशेजारी एक स्टँड आणून ठेवला. त्यावर रंगीत पाकिटं, पाकिटात साखरेत घोळवलेल्या चौकोनी वड्या, आणि पाकिटावर हिरवं पान.

"हेरॉल्डभाई, घबराओ मत," संजय म्हणाला होता. "ये गांजा नहीं, हेम्प है. रस्सी बनती है, तेल बनता है. लायसन्स की जरूरत नहीं."

हेम्प म्हणजे भांगेच्याच कुळातलं, पण नशा न येणारं झाड. ते शेतात उघड लावतात. मात्र त्याच्याच अर्कावर काही रासायनिक करामत केली की पुन्हा नशा येते, असा तो प्रकार होता. घाऊक माल देणारा म्हणे, झाड कायदेशीर तर वडी कायदेशीर. दुधी काचेवाला म्हणे, डोकं फिरवणारी कुठलीही चीज आमच्याच दुकानातून विकली पाहिजे. सरकारकडून कुणी आलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. म्हणजे माल तळ्यात की मळ्यात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही तोवर तो खपत होता.

नोव्हेंबरात पहिला बर्फ उपसताना हेरॉल्डचा गुडघा धरला. स्टँडवरची काही पाकिटं फाटली होती, ती संजयनं त्याच्या हातात कोंबली. हेरॉल्डनं झोपताना अर्धी वडी खाल्ली. गुडघा गप्प झाला, आणि डोकंही असं हलकं झालं की छतावरचा पंखा बंद असून बराच वेळ त्याला बघत राहावंसं वाटलं. म्हणजे दोर-तेलाची गोष्ट खोटी होती, हे त्याला पहिल्याच रात्री कळलं होतं. तरीही सकाळी त्याला मनापासून बरं वाटलं, आणि म्हणून त्यानं वड्या फेकल्या नाहीत. पाकिटावरचं पान नोराला दिसलं असतं तर घरात महाभारत झालं असतं, म्हणून त्यानं पाकिटं फाडून सगळ्या वड्या बिस्किटांच्या एका रिकाम्या निळ्या डब्यात ओतल्या आणि डबा तळघरातल्या कोल्ड रूममध्ये मागे सारला.

आता वसईच्या कुठल्याही बाईच्या घरात बिस्किटांच्या निळ्या डब्यात बिस्किटं कधीच नसतात. सुईदोरा असतो, नाहीतर नाताळचं गोडधोड. नोरा दर डिसेंबरात नेवऱ्या, कलकल, रोझ कुकी आणि चायना ग्रासचे जुजुब करून, ताटं भरून अख्ख्या व्हिटबीत वाटायची. जुजुब म्हणजेही साखरेत घोळवलेल्या रंगीत चौकोनी वड्याच. हे हेरॉल्डला माहीत नव्हतं असं नाही. पण लपवणाऱ्याला लपवण्यापुरतंच दिसतं. नाताळात डबा जागेवर दिसेना तेव्हा त्याला वाटलं, नोराला सापडला, तिनं वास घेतला आणि कचऱ्यात टाकला. बोलली नाही, कारण बोलण्यापेक्षा न बोलून शिक्षा करणं तिला जास्त जमायचं. आपण विचारायला गेलो तर आणखी निघेल. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून हेरॉल्डनं त्या वर्षी चर्चमधल्या मिडनाइट मिस्साला जरा मोठ्यानंच गाणी म्हटली.

प्रेस्टन जेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हेरॉल्डनं संजयला गाठलं.

"एक सांग, हे लीगल आहे की नाय?"

"लीगल भी नहीं, इल्लीगल भी नहीं," संजय पाकिटं लावता लावता म्हणाला. "जब वो बोलेंगे, तब हटा देंगे. क्यों, क्या हुआ?"

"काही नाही," हेरॉल्ड म्हणाला.

मग त्याला या उत्तराची सवय लागली. बेकायदा नाही म्हणजे गुन्हा नाही. गुन्हा नाही तर कबूल काय करायचं? आणि सांगून प्रेस्टनची नोकरी थोडीच परत येणार आहे? शिवाय नोराचं काय होईल? तिच्या हातचं खाऊन पोराचा घात झाला, हे तिला सोसेल का? असा तो दिवसभर काउंटरवर बसून स्वतःचीच वकिली करायचा. त्यातला नोराचा मुद्दा खरा होता. पण खरा मुद्दाही भित्र्या माणसाला ढालीसारखा वापरता येतो, आणि हेरॉल्ड तो तसाच वापरत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाल्लं बिचाऱ्या प्रेस्टननं, आणि खवखव हेरॉल्डच्या घशात.

प्रेस्टनला ट्रक देईना कुणी. एका टायर शॉपमध्ये तो चाकं बदलायच्या कामाला लागला. चर्चमध्ये तो आणि डिम्पल पूर्वी पुढून तिसऱ्या बाकावर बसायचे, ते आता मागे खांबाआड बसू लागले. मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये कॉफीला लोक त्याला "हाय प्रेस्टन" म्हणायचे आणि दुसऱ्याशी बोलायला लागायचे. हेरॉल्डच तेवढा त्याच्याजवळ उभा राहायचा. लोक म्हणायचे, बघा, बाप्तिस्म्याचं नातं कसं निभावतो.

मार्चमधल्या एका दुपारी नोरा चपात्यांची कणीक मळता मळता म्हणाली, "मी काय म्हणते हेरॉल्ड. दोन दोन टेस्टी काय खोट्या असतील? लांबच्या गाडीवर एकटा पोरगा. ट्रकवाल्यांची संगत. घेतलंही असेल एखाद्या वेळी."

"तो नाय घेणार."

"आपल्यालाही वाटतं तसं. पण आई-बापाला सगळ्यांच्या शेवटी कळतं." तिनं उसासा टाकला. "त्याचा बाप असता तर किती वाईट वाटलं असतं."

हेरॉल्ड तेव्हाच बोलू शकला असता. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण त्यातून निघालं ते एवढंच, की कणकेत मीठ घातलंस का. नोरा म्हणाली घातलं. आणि हेरॉल्डला स्वतःची अशी शिसारी आली, की तो जॅकेट न घालता बाहेर जाऊन ड्राइव्हवेवर उभा राहिला. बर्फ नव्हता, शोव्हल करायला काहीच नव्हतं.

त्या शनिवारी तो कुमसारला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, चर्चमध्ये गेला. जाळीपलीकडे पॅरिशचे फिलिपिनो फादर होते. हेरॉल्डनं इंग्रजीत सगळं सांगितलं: गुडघा, पाकीट, डबा, प्रेस्टन. आणि शेवटी जोडलं, की फादर, ती वस्तू तशी बेकायदेशीर आहे असंही नाही, त्याबद्दल कुणालाच स्पष्ट सांगता येत नाही.

"आय डिडन्ट आस्क यू अबाउट द लॉ," फादर म्हणाले. "डज द यंग मॅन नो?"

"नो, फादर."

मग फादरांनी प्रायश्चित्त म्हणून एकही प्रार्थना सांगितली नाही. त्याच्याकडे जा, म्हणाले. हेरॉल्डला प्रायश्चित्तात रोझरीची माळ जपायची सवय होती. रोझरी कितीही लांब असली तरी गुडघे टेकून संपवता येते.

तरीही जायला एप्रिल उजाडला, आणि जाताना त्यानं निमित्त घेतलं विंटर टायर्स काढायचं. प्रेस्टननं त्याची कोरोला जॅकवर चढवली आणि गुडघ्यावर बसून हवेच्या बंदुकीनं चाकाचे नट सोडवायला लागला.

"अंकल, आत बसा ना, कॉफी आहे. इथं थंडी आहे."

"नको. मला बोलायचंय." बंदूक घरघरली. ती थांबेपर्यंत हेरॉल्ड थांबला, आणि मग त्याच्या पाठीकडे बघून म्हणाला, "प्रेस्टन, त्या डब्यात जुजुब नव्हते. ते माझे होते. संजयच्या दुकानातले. हेम्पचे. मी आंटीपासून लपवून ठेवलेले. तिला वाटलं जुजुब. मी तुला सांगायला पाहिजे होतं."

प्रेस्टन वळला नाही. त्यानं उरलेले नट हातानंच काढले, एकेक करून, आणि जमिनीवरच्या वाटीत टाकले.

"गवतासारखे लागत होते," तो शेवटी म्हणाला.

"मी चल म्हणशील तिथं येतो. तुझ्या कंपनीत सांगतो. लिहून देतो."

"काय उपयोग नाय. मी विचारलेलं तेव्हाच. हेम्प खाल्लं का, चुकून खाल्लं का, ते बघत नाय. लघवीत दिसलं की संपलं." तो उठला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण आवाज चढला नव्हता. चढला असता तर हेरॉल्डला सोपं गेलं असतं. "अंकल, डिम्पल रोज माझे खिसे चेक करते. मी झोपलो असं समजून. मी जागा असतो. तुम्हाला माहितीये, कसं वाटतं ते?"

हेरॉल्डनं नटांची वाटी त्याच्या बाजूला सरकवली.

"आणि चॅटमला मी थांबलो नसतो तर? एखादी फॅमिली पुढं असती तर?"

"रोज तेच दिसतं मला."

"आंटीला माहितीये?"

"नाही. आज घरी जाऊन सांगणार आहे."

प्रेस्टन दुसरं चाक उचलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, "नका सांगू."

"प्रेस्टन, ती तुझ्याबद्दल..."

"मला ठाऊक आहे ती काय विचार करते. चर्चमध्ये बघते ना माझ्याकडं." त्यानं चाक बसवलं. "तिकडं आई गेली तेव्हा तिनं इथं मला जेवायला घातलंय. तिला कळलं तर ती परत कधी कुणासाठी काय बनवणार नाय. राहू दे. डिम्पलला तेवढं सांगा. तुमच्या तोंडानं, आजच. बाकी मी बघतो."

"तुझं नाव..."

"अंकल, गाडी खाली घेतोय. बाजूला व्हा."

हेरॉल्ड तिथून थेट डिम्पलच्या दारात गेला. ती कामावरून नुकतीच आली असावी. गळ्यात अजून बिल्ला होता. आत या म्हणाली, पण त्याचा चेहरा बघून दारातच थांबली, आणि त्यानंही दारातच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं, अंकल?"

"जानेवारीत. तो आमच्याकडे जेवायला आला होता त्या दिवशी. ताटावरच."

"आणि मग तुम्ही दर संडेला त्याच्याशेजारी उभे राहून कॉफी घेत होता."

"हो."

ती आत निघून गेली. हेरॉल्डला वाटलं, संपलं, आता दार लागेल. स्वयंपाकघरात एक कपाट उघडल्याचा आवाज आला, मग रडणं दाबल्यासारखा आवाज. हेरॉल्ड जोडे न काढता पायपुसण्यावर उभा राहिला. जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात निळा डबा होता.

"आंटीला द्या. लेट झाला म्हणून सांगा."

डबा हलका होता. रिकामाच दिला, हेरॉल्डला वाटलं, आणि बरोबरच केलं तिनं. डबा गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून तो घरी आला.

नोरा चहा टाकत होती. डबा बघून तिचा चेहरा उजळला. "आला का शेवटी? बघू, काय दिलंय पोरीनं." तिनं झाकण काढलं. हेरॉल्डनं नजर दुसरीकडे वळवली.

"साखर," नोरा म्हणाली.

धुऊन पुसलेल्या डब्याच्या तळाशी मूठभर पांढरी साखर होती, एवढीशीच.

"काही करायला सुचलं नसेल बिचारीला. घरात शुगर आणि घरधनी असा." नोरानं मान हलवली. "पण वळण बघ. रिकामा डबा नाही दिला. इथल्या किती बायकांना कळतं हल्ली?"

हेरॉल्ड खुर्चीवर बसला.

"प्रेस्टन भेटला का टायरला? सुधारलाय ना आता?"

"तो बिघडलाच नव्हता," हेरॉल्ड म्हणाला.

नोरानं त्याच्याकडे पाहिलं. "तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

ती आणखी विचारणार होती, पण चहा उतू जायला आला. तिनं गॅस बंद केला, कपात चहा गाळला आणि साखरेची बरणी घ्यायला वर हात केला. मग तिला आठवण झाली. "हीच संपवून टाकू आधी," ती म्हणाली. तिनं डब्यातली साखर दोन चमचे काढून हेरॉल्डच्या कपात घातली, ढवळली आणि कप त्याच्यासमोर ठेवला.

"घे. थंड होईल."

हेरॉल्डनं कप दोन्ही हातांनी धरला. नोरा समोर बसून डब्याचं झाकण पदरानं पुसत होती, पुढच्या नाताळला लागेल म्हणून. त्यानं तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.